नाव नक्की कोणत्या लाइनीचं

तोल्कुन नारीन शहराच्या वीज कचेरीत आकृत्या काढायची. अख्ख्या जिल्ह्याची वीज तिच्या पडद्यावर मांडलेली होती. चौकोन म्हणजे उपकेंद्र, रेघ म्हणजे लाइन आणि रेघेवर त्या लाइनीचं नाव. रेघ ओढणं हा हातचा मळ होता. डोकं खायचं ते नाव. एखादा चौकोन जरा सरकवला की रेघ वळायची, आणि रेघ वळली की नाव तिचा नवा मध्य शोधत घरंगळत जायचं. कधी कोपऱ्यात अडकायचं, कधी शेजारणीच्या अंगावर जाऊन बसायचं. नावामागे पांढरी पट्टी ठेवली तर साहेब विचारायचे, "इथे लाइन तुटलीय का गं?" पट्टी काढली तर म्हणायचे, "अक्षरांच्या पोटातून रेघ गेलीय, वाचू कसं?"

शरदात घाटाच्या अलीकडे नवं उपकेंद्र झालं. त्याचा चौकोन आकृतीत घालायचा होता, आणि साहेबांचं एकच म्हणणं, सगळं एका कागदावर मावलं पाहिजे. तोल्कुनने चौकोन घातला. त्यामुळे घाटावरून जाणाऱ्या दोन समांतर लाइनी, कोचकोर-एक आणि कोचकोर-दोन, एकमेकींना खेटल्या. दोन्ही नावं घसरून मधल्या चिंचोळ्या जागेत आली, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. तिला ते उलट नीटनेटकंच वाटलं. छापलं आणि दिलं.

एप्रिलमध्ये ओला बर्फ पडला आणि घाटातल्या कोचकोर-दोनच्या एका मनोऱ्यावर तार पेलणाऱ्या चिनी मातीच्या वाट्यांपैकी एक तडकली. दुरुस्तीच्या टोळीचे मुकादम ओमुर्झाक कागद न्यायला आले. कचेरीत लहानथोर सगळे त्यांना ओमुर्झाक बाइके, म्हणजे दादा, म्हणायचे.

"तुझा हा कागद खिशात घालून आम्ही डोंगर पालथे घालतो," ते म्हणाले. "तू कधी लाइन पाहिलीस का पोरी?"

"घरात दिवा लागतो की, बाइके."

"चल मग. आज ऊन आहे, गाडीत जागा आहे."

"आणि साहेब?"

"साहेबांना सांगतो, आकृती पडताळायला नेतोय. त्यांना तो शब्द फार आवडतो."

रस्त्यावरून तिने ते मनोरे शेकडो वेळा पाहिले होते, म्हणजे रोजच्या माणसाकडे जसं पाहतात तसे, न पाहताच. पायथ्याशी उभी कधी राहिली नव्हती. गाडीतून उतरून ती बर्फातून चालत मनोऱ्याखाली गेली, मान वर केली आणि तिची टोपी मागे पडली तरी तिला कळलं नाही. लोखंडाचे चार पाय चारी बाजूंनी वर जात जात निळ्या आभाळात एक झाले होते. तिथून तारा सुटल्या होत्या त्या थेट दरीवरून. मध्ये कुठे आधार नाही, काही नाही. खाली नदी दोऱ्याएवढी, चरणारे घोडे तिळाएवढे, आणि त्यांच्यावरून त्या तारा संथ झोल घेत पलीकडच्या डोंगरावर, तिथून पुढच्यावर, मग नुसत्याच उजेडात विरून गेलेल्या. पडद्यावर ही रेघ बोटभर होती.

वरून एक आवाज येत होता. सारखा, खोल, छातीत उतरणारा.

"हा विजेचा आवाज?" तिने हळूच विचारलं. मोठ्याने बोलवेना.

"थोडा विजेचा, थोडा वाऱ्याचा," ओमुर्झाक म्हणाले. "बंद लाइनसुद्धा गाते. म्हणून आम्ही कानावर काही सोडत नाही."

वायरलेसवर सयकाल एजेचा, म्हणजे सयकालताईचा, आवाज आला. नारीनला बसून लाइनी चालू-बंद करवण्याचं काम तिचं. नव्या उपकेंद्रात अजून पाट्या लागल्या नव्हत्या, त्यामुळे तिथल्या माणसाला वरची किंवा खालची एवढंच सांगता यायचं, आणि ते ती आकृतीत बघून सांगायची.

"कोचकोर-दोन बंद केली. करा सुरू."

"झाली का नाही ते आम्ही बघू. तू चहा पी," ओमुर्झाक म्हणाले.

तिलेक नावाचा लाइनमन, तारेत वीज आहे का ते सांगणारी चाचणीची लांब काठी घेऊन चढला. तिशीही न गाठलेला, लग्न ठरलेलं, सकाळपासून त्याच विषयावर सगळ्यांची थट्टा सोसणारा. आडव्या पट्टीवर एक पाय ठेवून त्याने काठीचं टोक तारेकडे नेलं.

काठी किंचाळली. टोकाला लाल दिवा भक्कन लागला.

खाली कोणी हललं नाही. तिलेकही नाही.

"खाली ये," ओमुर्झाक अगदी साध्या आवाजात म्हणाले. "सावकाश." त्यांनी तिलेकचे पाय जमिनीला लागू दिले. मग वायरलेस उचलला. "सयकाल, कोणती बंद केलीस?"

"दोन. वरची."

"वरची कशावरून?"

"आकृतीवरून, बाइके. नाव वरच्या रेघेच्या खाली आहे ना." मग एकदम पडलेल्या आवाजात, "का खालच्या रेघेच्या वर आहे?"

तोल्कुनने गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला. दोन रेघा, मध्ये दोन नावं. त्यांतलं कुठलंही नाव कुठल्याही रेघेचं असू शकत होतं. तिने मान वर करून तिलेककडे पाहिलं. तो हातमोज्याने नाक पुसत होता. अक्षरं अर्ध्या बोटाने इकडची तिकडे गेली होती, बस्स. एवढ्याशा जागेत हा सबंध माणूस मावला होता.

"खालची," ती म्हणाली. "दोन म्हणजे खालची. मी... ती रेघ मीच ओढलीय."

ओमुर्झाकनी वायरलेसवर तसं सांगितलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, वरची चालू, खालची बंद.

"तोल्कुन एजे, तुमच्या शब्दावर चढतो हं," तिलेक म्हणाला. "माझं लग्न व्हायचंय अजून."

"शब्दावर नाही, काठीवर चढ," ओमुर्झाक खेकसले.

या वेळी काठी गप्प राहिली. तिलेकने जमिनीशी जोडलेली तार लाइनीला अडकवली, पट्टा कमरेला लावला आणि तो वाट्यांच्या माळेवरून दरीच्या बाजूला सरकत गेला. शेवटी जाऊन बसला, पाय मोकळे सोडून, कट्ट्यावर बसावं तसा. खाली एक गरुड फिरत होता. गरुडाची पाठ तोल्कुनने आजवर कधी पाहिली नव्हती. आता एका माणसाच्या बुटांखालून दिसत होती. तारेवर पडलेल्या त्याच्या वजनाने झोल जरासा हलला आणि तो हेलकावा पलीकडच्या डोंगरापर्यंत जाताना तिला दिसला.

तडकलेली वाटी दोराने खाली आली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. लहान मुलाएवढी जड होती.

काम आटोपल्यावर सगळे लांब सरून उभे राहिले. ओमुर्झाकनी वायरलेसवर कळवलं, ऐकलं आणि म्हणाले, "आली."

काहीच बदललं नाही. तारा तशाच, वारा तसाच, घोडे चरतच होते. तोल्कुन मात्र एक पाऊल मागे सरली. देवळात सरावं तशी.

चहाबरोबर बोरसोक निघाले. तळलेला तो गोळा तिच्या हातात तसाच राहिला. "बाइके, चूक माझी होती," ती म्हणाली.

"म्हणून तर काठी असते," ओमुर्झाक म्हणाले. "खा. आणि जाऊन दुरुस्त कर."

दुसऱ्या दिवशी तिने त्या दोन लाइनी एकमेकींपासून लांब केल्या. प्रत्येकीचं नाव तिच्याच अंगावर बसवलं, मागे पांढरी पट्टी घालून. तीच नावं दोन्ही टोकांना, चौकोनांच्या तोंडाशी, पुन्हा लिहिली. मग एक चौकोन मुद्दाम हलवून पाहिला. मधली नावं घसरली, पण आपल्याच रेघेवर राहिली. तेवढं होईपर्यंत दुपार झाली.

"दोन कागद?" साहेब म्हणाले. "आणि परत रेघा तुटलेल्या."

"तुटलेल्या नाहीत साहेब, नाव त्यांच्यावर बसलंय. आणि कागद दोन लागणारच."

सयकाल एजेने आकृतीवर बोट फिरवत प्रत्येक लाइन मोठ्याने वाचली. एकदाही थांबली नाही. वाचून झाल्यावर तिने तोल्कुनचा हात नुसता दाबला.

संध्याकाळी ओमुर्झाक नवे कागद न्यायला आले. घडी घालून खिशात कोंबत ते दाराकडे वळले, तेव्हा तोल्कुन उठून उभी राहिली.

"बाइके, दुसऱ्या लाइनीसुद्धा अशाच आहेत का हो? एवढ्या?"

"काही याहून मोठ्या आहेत," ते म्हणाले.

"मग पुढच्या वेळी गाडीत माझी जागा धरा."