मीराबाईचं नवं मडकं

प्रशिकचं लग्न लागलं ते वर्ष दोन हजार बावीस. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि हिंगण्याच्या घरात पाहुण्यांची एवढी दाटी की आपली चप्पल आपल्याला सापडेना. प्रशिक हा मीराबाईचा धाकटा. थोरली कामिनी पुण्याहून आली होती, सहा वर्षांच्या नूपुरला घेऊन. नूपुरला गहू चालत नाही, कणभरसुद्धा नाही, असं कामिनी आल्या आल्या सगळ्यांना सांगत फिरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीराबाईनंही डोलावली आणि मनात म्हणाली, गव्हानं कधी कोणी आजारी पडतं का?

तिचं सगळं घर गव्हावरच उभं होतं. चाळीस वर्षं ती लंबी रोटी करत आली होती. सैल कणीक परातीत आपटून आपटून चिवट करायची, गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर अलगद सोडायचा. कंपन्यांची पाळी सुटली की तिच्या टपरीपुढं मोटारसायकली उभ्या राहत.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नूपुर त्या रोटीकडं टक लावून बसली होती. कामिनी आत होती. मीराबाईनं घास तोडला आणि नातीच्या तोंडात घातला.

"खा वं बाई. आजीच्या हातचं बाधत नाही."

बाधलं. संध्याकाळपर्यंत उलट्यांनी पोरगी पिवळी पडली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन लागलं. कामिनी तिथूनच परस्पर पुण्याला निघून गेली. दीड वर्ष ती माहेरी आली नाही.

मग प्रशिकला मुलगा झाला. बारसं ठरलं तसा कामिनीचा फोन आला. "आम्ही येतो आई. सासूबाईपण येताहेत. पण नूपुरचा डबा सोबत आणू. तुझ्या घरचं ती काही खाणार नाही."

"बरं," मीराबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात नूपुरनं फोन घेतला. "आजी, ती हातावरची रोटी ना, खूप छान होती गं."

फोन ठेवून मीराबाई नवऱ्याला म्हणाली, "तो डबा उघडू नाही द्यायचा."

धोंडबानं पेपरातून डोकं काढलं. "कोणता डबा?"

"पुण्याचा."

दुसऱ्याच दिवशी तिनं टपरीला कुलूप लावलं. बारशाला पंधरा दिवस राहिले होते. घर झाडायला काढलं तर पंख्याच्या पात्यांवर पीठ, फोटोंच्या चौकटींवर पीठ, धोंडबाच्या चष्म्याच्या घरातसुद्धा पीठ. सगळं धुतलं. मागच्या अंगणात नवी चूल घातली. कुंभाराकडून नवं मडकं आणलं, कारण जुन्याच्या रंध्रारंध्रात गहू मुरला होता. चक्कीवर जायचं नाही, तिथं सगळ्यांचे गहू दळतात. म्हणून भंडाऱ्याचा तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायला घेतला. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं भिंग धरून वाचली, तर त्यातही मैदा. डबी शेजारणीकडं गेली.

"लोक विचारून राहिले, मीराबाई मेली का म्हणून," धोंडबा म्हणाला.

"मेली म्हणून सांगा. बारसं झालं की होते जिवंत."

वरण, भाजी, पाटवडीचा रस्सा यांची तिला चिंता नव्हती. त्यात गहू कुठं होता? अडलं ते रोटीवर. भिजवलेलं ज्वारीचं पीठ हातावर घेतलं की तुकडे तुकडे होऊन पायावर पडे. तांदळाची उकड मडक्यावरून घसरून थेट निखाऱ्यात जाई. जे पीठ ताणत नाही ते ताणत नाही. चाळीस वर्षांची कला हातात होती आणि हात रिकामे होते.

"आज पण चुलीनंच जेवण केलं," धोंडबा म्हणाला. "मले काही उरलं का?"

"तुमाले राख वाढू?"

बाराव्या दिवशी मडकं फार तापलं. तापलं की ओल्या फडक्यानं पुसायचं, ही तिची जुनी सवय. फडकं तांदूळ वाटलेल्या पातळ पाण्यात पडलं होतं. रागाच्या भरात तिनं ते तसंच उचललं आणि मडक्यावरून फिरवलं. चर्र झालं. मडक्यावर पांढरा पापुद्रा धरला आणि त्याची कड आपोआप सुटून वर आली. मीराबाईनं कड चिमटीत धरली. पापुद्रा अख्खाच्या अख्खा, मडक्याएवढा, हातात आला. पलीकडची चूल त्यातून दिसत होती.

"अहो! इकडं या!"

धोंडबा धावत आला. "हे रोटी व्हय का लुगडं?"

"खाऊन पाहा."

त्यानं खाल्लं. मग पाट मांडून बसला आणि आणखी सात खाल्ल्या.

पाच-सहा पापुद्रे एकावर एक ठेवून, तूप लावून, कोमट पाण्याचा हात फिरवून घडी घातली की मऊ, लांब रोटी होई. हातावर झुलवताही येई. शेवटी तिचं लक्ष आपल्या मनगटांकडं गेलं. लग्नापासून घातलेल्या चांदीच्या पाटल्या. त्यांच्या नक्षीत वाळकी कणीक भरून दगड झाली होती. साबण लावून, मनगट लालेलाल करून तिनं त्या ओढून काढल्या.

"मी जिता असताना हात मोकळे केले का वं?" धोंडबा म्हणाला.

"तुमाले काही होत नाही. तुमी चिवट आहात, गव्हावानी."

कामिनी आली ती उंबऱ्यापासूनच तपासत आली. विहीणबाई, सुहासिनीताई, डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. कामिनीनं तेल पाहिलं, चमचे पाहिले, हिंग विचारला.

"हे मडकं कुठलं?"

"नवं. त्याले गहू माहीतच नाही."

"पीठ?"

"पाट्यावर वाटलं. इथंच."

"आणि तुझे हात, आई? दिवसभर कणकीत असतात ते."

मीराबाईनं हात पुढं केले. दोन्ही मनगटांवर पाटल्यांच्या जागी गोऱ्या कातड्याचे पट्टे होते, चाळीस वर्षं ऊन न पाहिलेले. कामिनी त्या पट्ट्यांकडं पाहत राहिली. लहानपणापासून तिनं ते हात पाटल्यांशिवाय पाहिले नव्हते. तिनं आईची दोन्ही मनगटं धरली आणि सोडेचना.

"वाढ वं माय," ती म्हणाली. "पोरगी उपाशी आहे."

मीराबाईनं फडकं फिरवलं, पापुद्रे उचलले, घडी हातांवर झुलवली. नूपुर टाळ्या पिटत होती. तिनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, चौथीला रस्सा हनुवटीवरून गळत होता. सुहासिनीताईंनी डबा हळूच खुर्चीखाली सरकवला.

त्या रात्री नूपुर सोडून घरात एकही जण धड झोपला नाही. सकाळी नूपुर उठली, अंगणात आली आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, आज पण?"

धोंडबा असा हसला की पाळण्यातलं बाळ जागं झालं. चार दिवस पाहुणे राहिले. डबा जसा आला तसा पुण्याला परत गेला आणि निघताना सुहासिनीताई म्हणाल्या, "विहीणबाई, ते फडकं कसं फिरवायचं, मलाही शिकवा."

पाटल्या मीराबाईनं पुन्हा घातल्या नाहीत. टपरी चालूच राहिली, पण दर सोमवारी ती बंद ठेवून, आंघोळ करून, ती मागच्या अंगणात फक्त तांदळाची रोटी करू लागली. गांधीबागेतला एक कापडवाला गहू न चालणाऱ्या आपल्या मुलाला घेऊन यायचा. मग त्याच्या ओळखीचे, मग त्यांच्या ओळखीचे. ज्या पोरांना कोणी पंगतीला बसवत नव्हतं, ती तिच्या अंगणात एका ओळीत बसून जेवायची आणि मीराबाई ओरडायची, "कोणी उठू नका रे, अजून मडकं तापलेलंच आहे!"

शेवटच्या सोमवारी तिनं चोवीस जणांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी, चार फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, मंगळवारी सकाळी, मीराबाई हृदय बंद पडून वारली.