आठ फुली चार

वाऱ्याने गॅलरीचं दार आपटलं आणि आतली कडी पडली. बाहेर मी, साडेचार वर्षांची नात आणि ओल्या कपड्यांची बादली. आत गॅसवर दूध.

फोन माझाच, पण होता नातीच्या हातात. ती बदकांचा खेळ खेळत होती. पोरीने भलतीकडे फोन लावू नये म्हणून सुनेने त्या खेळातून बाहेर पडायला कुलूप घातलेलं.

"सोने, खेळ बंद कर. आईला फोन लावायचाय."

"बंद होत नाही गं. गणित येतं."

पडद्यावर लिहिलं होतं, फक्त मोठ्यांसाठी. खाली ७ × ६. साठीनंतर अक्षरं शिकले, म्हणून वाचता तरी आलं. पुढे घोडं अडलं. मी बेरीज करून तेरा दाबले. फोन थरथरला आणि नवं गणित आलं, ८ × ४.

"आजी, तू मोठी नाहीस?"

"आहे गं बाई! ही फुली म्हणजे काय करायचं ते सांग."

"ओळी! खेळात असतात तशा. आठ बदकं, अशा चार ओळी. मग सगळी मोजायची."

दाराच्या फटीतून करपट वास येऊ लागला. मी खाली हाका मारल्या, पण गाड्यांच्या गोंगाटात कोण ऐकतंय? शेवटी कपड्यांचे चिमटे फरशीवर ओतले. नात ओळी लावत गेली. मी बोट ठेवत गेले, ती मोजत गेली.

"अठ्ठावीस, एकोणतीस, वीसदहा, वीसअकरा..."

"तीस म्हण! तीस, एकतीस, बत्तीस."

बत्तीस दाबले. कुलूप सुटलं. सुनेला फोन लावला.

सून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कामाला. धावत आली. आधी गॅस बंद केला, मग कडी काढली. पातेल्याचा कोळसा झालेला.

"अहो आई, घर पेटलं असतं!"

"मम्मा, मला कुलूप उघडता येतं," नात नाचत म्हणाली. "चिमट्यांनी!"

सुनेने तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. गणित काढून टाकलं आणि कुलपाला स्वतःचा अंगठा दिला.

"आणि मला फोन करायचा असला तर?"

"तुम्ही तिच्या हातात देऊच नका ना."

सांगायला सोपं. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मी आधी दारात स्टूल अडकवलं. नात मागून आली. फोन तिच्या हातात, त्यात बदकं.

"आजी, आज गणितच येत नाही. तुझा अंगठा लावून बघ ना."

कागदावर अंगठा उठवण्यात माझा जन्म गेला होता. लावला. फोन थरथरला.