बंद केलेला व्हॉल्व्ह

बोटीवरचा संडास कोणाच्या बापाला भीत नाही. घरातला तुंबला तर नुसती घाण होते, बोटीवरचा बिघडला तर बोटच बुडते. बोटीच्या अंगाला पाण्याखाली भोक पाडलेलं असतं. त्यातून समुद्राचं पाणी ओढायचं, पंपाचा दांडा मारायचा, काम उरकायचं आणि आठवणीनं त्या भोकावरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. विसरलात आणि पंपाचे वायसर झिजलेले असले, तर समुद्र भांड्यातून सावकाश वर येतो आणि घरच्यासारखा आत पसरतो.

फिटरला हे त्याच्या वडिलांनीच शिकवलेलं. धक्क्यावर त्यांना सगळे कप्तान म्हणत. बायको गेल्यावर ते बोटीवरच राहायचे, आणि घरी चला म्हटलं की अंगावर यायचे. गेल्या वर्षी एकदा ते बाजारात जाऊन आले तर बोट निम्मी भरलेली. फिटर कामावरून धावत आला, कमरेएवढ्या पाण्यात उतरला, चाचपडत हँडल शोधलं आणि जीव खाऊन दोन-तीनदा पिळलं. पाणी थांबलं.

"सताड उघडा होता व्हॉल्व्ह!" अख्ख्या धक्क्यासमोर तो ओरडला.

"मी बंद केला होता," कप्तान म्हणाले. "मला चांगलं आठवतंय. हँडल आडवं केलं, मग पिशवी घेतली."

"मग मी आत्ता काय बंद केलं? माझं डोकं?"

कप्तान गप्प बसले. भांडणात हार मानणारा माणूस नव्हे तो, त्यामुळे सगळेच घाबरले. फिटरची ताई म्हणाली, वय झालं आता त्यांचं. बोटीची किल्ली फिटरच्या खिशात गेली आणि कप्तान त्याच्या घरी आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गॅसवर, नळावर, दारावर चिठ्ठ्या चिकटवल्या. कुलूप लावलं की तीनदा परत जाऊन ओढून बघायचे. वास घेऊन वारा सांगणारा माणूस सुनेला विचारायला लागला, "मी जेवलो ना गं?" जेवलेले असायचेच. विसरत काहीच नव्हते हो ते, नुसता विश्वास उडाला होता.

शेवटी बोट विकायची ठरली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, म्हणून फिटर सकाळपासून संडास उघडून बसला होता. वायसर बदलले, व्हिनेगर ओतून पाइपातले दगडासारखे क्षार काढले, पंपाला ग्रीस लावलं. व्हॉल्व्ह उघडून पंप मारून पाहिला. शेवटची तपासणी उरली. त्यानं हँडल आडवं करून व्हॉल्व्ह बंद केला आणि पाइप सैल केला.

फर्रकन पाणी तोंडावर आलं.

शिवी हासडून त्यानं हँडल परत फिरवलं. हँडल छान फिरत होतं, व्हॉल्व्हचा आतला दांडा जागचा हलत नव्हता. पकडीनं दांडाच पिळला, तेव्हा पाणी थांबलं. मग त्यानं हँडल काढून पाहिलं. आत पांढऱ्या टेपचा चोथा झालेला. ती टेप त्यानं ओळखली.

टेप त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी जुनं हँडल तुटलं, तेव्हा भंगारातलं दुसरं त्यानंच आणून बसवलं होतं. भोक जरा मोठं होतं, म्हणून टेप गुंडाळली. "तात्पुरतं आहे, पुढच्या आठवड्यात नवीन टाकतो," म्हणाला होता. म्हणजे त्या दिवशी बाबांनी हँडल खरंच आडवं केलं होतं. व्हॉल्व्हच फिरला नव्हता; टेप कधी पकडायची, कधी नुसतीच घसरायची. आणि त्यानं स्वतः पाण्याखाली पिळताना टेप कुठेतरी अडकली, व्हॉल्व्ह फिरला, एवढंच.

नवीन हँडल पिशवीत होतं. जुनं समुद्रात भिरकावलं असतं तर कुत्र्यालाही कळलं नसतं. असा विचार त्याच्या मनात आला, खोटं कशाला बोला. पण त्यानं घरी फोन लावला आणि बायकोला म्हणाला, "बाबांना घेऊन ये."

कप्तान आले ते विचारतच, "आता काय विसरलो मी?"

जुनं हँडल परत चढवलेलं होतं, व्हॉल्व्ह उघडा. "हा बंद करा, बाबा."

कप्तानांनी हँडल आडवं केलं. "झाला," म्हणाले, आणि लगेच, "झाला ना रे?"

फिटरनं पाइप सैल केला. पाणी उसळलं. म्हाताऱ्यानं स्वतःचाच हात उलटसुलट करून पाहिला. "बघ, आता हातालाही कळेना माझ्या..."

"तुमचा हात नाही, बाबा. माझी टेप." त्यानं हँडल काढून दाखवलं, सगळं सांगितलं. "एक कानाखाली वाजवा माझ्या. खरंच वाजवा."

कप्तानांनी नखानं टेपचा चोथा उकरला. "मला आठवत होतं रे," ते म्हणाले. "हँडलचा गारवासुद्धा आठवत होता. पण तू फिटर. तू म्हणालास, म्हणून मी माझ्याच मनाला खोटं पाडलं."

फिटर रडला. गिऱ्हाइकाला त्यानं येऊ नका म्हणून कळवलं आणि नवीन हँडल बसवलं. कप्तानांनी स्वतः व्हॉल्व्ह बंद केला, फिटरनं पाइप काढून दाखवला. टिपूस आला नाही.

पाइप जोडून, कुलूप लावून दोघं धक्क्यावर आले. दहा पावलांवर कप्तान थांबले.

"व्हॉल्व्ह बंद केला ना मी?"

"केलात, बाबा. माझ्या डोळ्यांसमोर केलात."

"तू म्हणतोस ते ठीक आहे," म्हणून त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे. मी एकदा बघून येतो."

फिटरनं किल्ली दिली. कप्तान तीनदा जाऊन आले.