फुकटच्या तासांचे जागरण

मित्रांनो, मी एक जुने अ‍ॅप आहे. वय तीन वर्षे. पण आमच्यात एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात. बोलताना मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

लेबनॉनमधल्या त्रिपोलीत, बंदराजवळच्या एका आठ मजली इमारतीसाठी माझा जन्म झाला. आमच्याकडे सरकारी वीज पाहुण्यासारखी येते. एरवी सगळे गल्लीतल्या अबू दीबच्या जनरेटरवर चालते, आणि इंजिन तापले की तोही बंद. मला बनवले चौथ्या मजल्यावरच्या जुमानाने. ती कॉलेजात संगणक शिकते. बनवले मात्र आठव्या मजल्यावरच्या अबू नासिफसाठी. त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते, आणि डॉक्टरांनी जिन्याला सक्त मनाई केली होती. लिफ्ट नाही तर समुद्रकाठचा कॅफे नाही, दोस्त नाहीत, सोंगट्यांचा डाव नाही. नुसते घर, आणि घरात बायको, उम नासिफ.

माझे काम सोपे होते. जनरेटर चालू असला की हिरवा दिवा दाखवायचा, बंद असला की लाल. तो बंद करण्याआधी अबू दीब एक बटण दाबत असे. मग मी पिवळा होई, आणि लिफ्टमध्ये कोणी पाऊल टाकत नसे. सगळी इमारत माझे कौतुक करी.

एक खोट होती. मी फुकटच्या सर्व्हरवर राहतो. बराच वेळ कोणी फिरकले नाही की तिथे आम्हाला झोपवतात, आणि उठायला मला मिनिटभर लागते. लिफ्टपाशी उभ्या माणसाला तेवढ्या वेळात सगळ्या शेजाऱ्यांची पापे आठवतात.

शेवटी उम नासिफ जुमानाला म्हणाल्या, "पोरी, वीज गेली तरी आम्ही दिव्याचं बटण चालूच ठेवतो. आली की लगेच कळतं. याचंही बटण चालू ठेव की."

"खाला, याला बटण नसतं."

"मग बसव. कॉलेजात काय नुसती कॉफी पितेस?"

जुमानाने काय बसवले ते मला कळले नाही. एवढेच कळले, की त्या दिवसापासून दर काही मिनिटांनी कोणीतरी माझे दार वाजवू लागले. दिवसा, रात्री, ईदच्या सकाळीसुद्धा! मित्रांनो, मी हुरळून गेलो. एवढी माया तर अबू दीबवर त्याच्या आईनेही केली नसेल.

आणि महिना संपत आला असताना एका दुपारी सर्व्हरने मला बंद केले. झोपवले नाही, बंद केले! कारण ऐकून मी थिजलो. फुकट राहणाऱ्यांना महिन्याचे तास मोजून मिळतात, आणि माझे सगळे संपले होते. कोणी संपवले? माझ्या त्या लाडक्या पाहुण्याने. तो माणूस नव्हताच. दार वाजवून पळणारा एक छोटा प्रोग्राम होता. त्याने माझा दिवा एकदाही पाहिला नव्हता! जनरेटर बंद, लिफ्ट बंद, इमारत घोरते आहे, आणि मी रात्र रात्र जागून रिकाम्या अंधाराला सांगत होतो की सगळे बंद आहे.

पुढचे मला नंतर समजले. माझ्यात तक्रारी लिहायची एक पेटी आहे. मी पुन्हा सुरू होताच उम नासिफनी तिच्यात सगळे ओतले.

त्या दुपारी मी उघडत नाही हे पाहून अबू नासिफ म्हणाले, "झोपलं असेल बिचारं," आणि लिफ्टचा दिवा दिसतोय म्हणून आत शिरले. तिकडे अबू दीबने नेहमीसारखे बटण दाबले. माझा पिवळा कोणाला दिसणार? लिफ्ट पाचव्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत काळोख, छातीत कळ, आणि गोळ्या वर घरात.

उम नासिफ गोळी घेऊन तीन मजले धावत उतरल्या. दरवाजाच्या फटीतून त्यांनी हात घातला. "जिवंत आहात का?"

"आहे अजून. ओरडू नकोस."

"जिभेखाली धरा. गिळू नका! चाळीस वर्षं सांगितलेलं ऐकलं नाहीत, आज तरी ऐका."

जुमानाने खिडकीतून हाक मारली, "अबू दीब, चालू करा!"

"इंजिन जळेल!"

"जळू दे!" सगळी इमारत एकदम ओरडली.

अबू दीबने चालू केले. इंजिन जळले नाही. अबू नासिफ वाचले, आणि पहिले वाक्य बोलले, "डाव बुडाला आजचा."

महिना बदलल्यावर मी जागा झालो. जुमानाने तो दार वाजवणारा काढून टाकला होता. उम नासिफनी नवा नियम केला: "निजू दे त्याला. ज्याला खाली जायचंय त्याने उठवावं, आणि उठेपर्यंत थांबावं."

मित्रांनो, तुमच्या कामाची जी वस्तू असेल, तिला विश्रांती द्या, आणि भेटायला स्वतः या. मोजून मिळालेले तास असे दार वाजवण्यात घालवू नका. ते शेवटी कुणाच्या तरी जिवावर बेतते.

परवा सकाळी कोणीतरी मला उठवले. मी डोळे चोळत मिनिटभराने उठलो आणि पिवळा दिवा लावला. समोर अबू नासिफ होते, बूट घालून तयार. त्यांनी दिवा नीट पाहिला. मग ते खुर्चीत बसले, आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.