वळायचं तर माझ्यापर्यंत या

मी एक जुना खांब आहे, मित्रांनो. खो-खोचा. बाभळीचा. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की तिला मधूनच माघारी फिरता येत नाही. वळायचं तर खांबापर्यंत यावंच लागतं. त्यामुळे मैदानात कुणाचंही माझ्यावाचून चालत नाही. हे मी अभिमानानं सांगतो.

माझी गोष्टही खेळासारखीच सांगणार आहे. आठवणी ओळीनं बसल्या आहेत. जिला खो मिळेल तिनं उठायचं.

खो!

पिशोरची शाळा. पुंडलिक सुतारानं मला घडवून आणलं. खेळ शिकवणाऱ्या रत्नमालाबाईंनी वाकून माझ्यावर गाल घासला.

"बाई, खांब हाय, उशी नाय," पुंडलिक हसला.

"माझ्या पोरी ह्याला धरून उड्या घेणार. लई खरखरीत हाय. न्या माघारी."

गेलो माघारी. आलो तो असा. आजही हात फिरवून बघा, कुठंच टोचणार नाही.

खो!

प्रेरणा. तिचे वडील बन्सी वाळूजला कारखान्यात. पोरगी वाऱ्यासारखी धावायची आणि माझ्याजवळ येऊन थांबायची. पुढं पळणारी पोर मला वळसा घालून निसटायची. एका हातानं मला धरून अंग झोकायचं, सूर मारायचा, एवढंच तिला जमत नव्हतं.

"प्रेरणा खांबाच्या पाया पडून येती!" पोरी चिडवायच्या.

"बाई, तोंड फुटंल माझं," ती रडवेली झाली.

बाईंनी पदर खोचला. "मला बी येत नाय. बघू या."

धावत आल्या, मला धरलं, अंग झोकलं. हात सुटला. बाई तोंडावर.

बाईंनी माती थुंकली. "असं नाय करायचं. बघितलं ना? आता परत."

परत पडल्या. परत उठल्या. मग प्रेरणा निघाली. तिचा तळहात माझ्यावर पडला. घामेजलेला. पण सुटला...

खो!

नाही. मग मॅट आल्या, नवे खांब आले. मी खोलीमागं पडलो. कुणी माझ्यावर दोरी बांधून कपडे वाळत घातले. बाई निवृत्त झाल्या. प्रेरणा शहरात, औरंगपुऱ्याजवळच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि मला न्यायला आली.

"ताई, ह्याचं बी तिकीट फाडू का?" कंडक्टर म्हणाला.

"फाडा की. आमच्या बाईंचा माणूस आहे."

खो!

गेला शनिवार. मोनिका. पळते छान, माझ्याजवळ येऊन थांबते.

"मॅडम, मी उद्यापासून येणार नाही. सगळे हसतात."

ती चपला शोधू लागली. भिंतीपलीकडं पोरांचे मोबाईल वर झालेले. प्रेरणानं कित्येक वर्षांत सूर मारला नव्हता. पडली तर सगळी शाळा बघणार. नाही मारला, तर मोनिका जाणार.

तिनं ओढणी कमरेला बांधली. धावत निघाली. मध्यावर तिचा वेग किंचित उतरला. मला दिसलं. पण मधून माघारी फिरता येत नाही. ती आली, मला धरलं, झोकून दिलं.

हात सुटला. धप्प!

"अबे, निकाला क्या व्हिडिओ?" भिंतीपलीकडून हशा. मोनिकाही तोंडावर हात ठेवून हसली.

प्रेरणानं माती थुंकली. "असं नाही करायचं. बघितलं ना?"

हे शब्द मी ओळखतो.

"मॅडम, तुमच्या नाकाला माती..."

"असू दे. तू ये."

मोनिकानं हातातल्या चपला टाकल्या.

मित्रांनो, मला पावसात ठेवू नका, वर्षातून एकदा तेल लावा, कपडे वाळत घालू नका. आणि तुमच्यासाठी कुणी तोंडावर पडलं, तर मोबाईल खिशात ठेवा आणि पुढची धाव तुम्ही घ्या.

मोनिका निघाली. आली. तळहात माझ्यावर पडला. घामेजलेला.

सुटला नाही.