माझं दुसरं तोंड कुणी बुजवलं?

मी बोलतोय, निलंग्याच्या रस्त्यानं लातूरला प्राणवायू नेणारा जुना टँकर. ऐका, पण जरा लांबूनच. कुणी जवळ आलं की माझं मन आजही शंका घेतं. ह्याचा हात कुठं जातोय, हेच मी आधी बघतो.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. मी म्हणजे एकात एक अशी दोन भांडी. मधली हवा ओढून काढलेली, बाहेरची ऊब आत जाऊ नये म्हणून. आतला प्राणवायू दिसायला पाण्यासारखा पातळ, पण बर्फाहून किती तरी गार. त्याला जराशी ऊब लागली की वाफ होते, वाफ फुगते, आणि फुगलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट लागते. ती मिळाली नाही तर भांडं फुटतं. म्हणून माझ्या पाठीमागं सुटकेची दोन तोंडं ठेवलेली. दाब वाढला की आपोआप उघडायचं, सूंऽऽ करायचं, परत मिटायचं. एकानं दगा दिला तर दुसरं असावं, असा नियमच आहे.

माझ्या मालकाला ती सूंऽऽ सोसेना. "माल उडतोय," म्हणायचा. एकदा दुरुस्तीला नेलं, तेव्हा त्यानं एका तोंडात बूच बसवलं आणि वरून छान पिवळा रंग दिला. माझा ड्रायव्हर नरसिंग, भोकरकडचा भला माणूस. त्याला ह्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून रंगाचा डबा दिसला की मला धडकी भरते.

ते साल दुष्काळाचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. मोठ्या दवाखान्याची प्राणवायूची नळकांडी ज्या कारखान्यात भरली जायची, तिथं आम्ही माल पोचवायचो. निलंग्याच्या अलीकडं एका गावाजवळ बैलगाडी आडवी लावून लोकांनी आम्हाला थांबवलं. सकाळपासून, तळाला थोडंसंच पाणी उरलेल्या घागरी रांगेत मांडून सरकारी पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलेले लोक ते.

"काय हाय आत?" शेषेराव नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं. हातात पेटलेली बिडी.

"दवाखान्याची हवा हाय, काका. ती बिडी इझवा आदी."

"हवा?" म्हातारा हसला. "हवा न्यायला एवढी मोठी टाकी? आन् हे काय गळून राहिलंय मग?"

माझ्या नळीवर पांढरं हिव साचलेलं, त्याचं पाणी टपटपत होतं. खरं तर ते बाहेरच्या हवेतलं. पण मी तरी कुणाला कसं सांगणार? एका बाईनं तो थेंब बोटावर घेतला. ती साखराबाई.

"गारगार पाणी हाय की गं! लातूरच्या सायबायला चाललंय. आमी मरावं का?"

नरसिंगला लोकांनी लिंबाखाली बसवून घेतलं. मी उन्हात. ऊन चढलं तसा आतला माल उबला, आणि माझं चालू तोंड सूंऽऽ करून वाफ सोडू लागलं.

त्या मुलखात गळती दिसली की बायांना बघवत नसे. सरकारी टँकरची तोटी गळाली, तर हातातलं काम टाकून तिला ओलं गोणपाट आवळायच्या. साखराबाईनंही तेच केलं. गोणपाट घेतलं, आपल्या घागरीतलं घोटभर पाणी त्यावर घातलं, आणि माझ्या तोंडावर सुतळीनं गच्च आवळलं. गार वाफेनं गोठून पापडासारखं कडक झालं ते. हातानं वाफ सोडायची एक चावी असते, निथळलेलं पाणी तिच्यावर गोठलं आणि तीही अडकली. माझा श्वास कोंडला.

"वाया जात हुतं, बंद केलं," ती म्हणाली.

नरसिंग धावत आला. आधी घाबरला, मग स्वतःलाच म्हणाला, "दुसरं हाय की." दोघंही वाट बघत राहिलो, तो दुसरं तोंड बोलेल म्हणून, मी त्याला कळेल म्हणून. दाबाचा काटा लाल रेघेला टेकला. नरसिंगनं पिवळा रंग नखानं खरवडला. खाली बूच.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "लोकहो, लांब पळा! हे फुटंल!"

"आमी पळलो की तू गाडी पळवशील," शेषेराव म्हणाला.

नरसिंगनं गाडीची किल्ली काढली आणि साखराबाईच्या पदरात टाकली. "ही घे, अक्का. समद्यायला घेऊन लांब जा. मी हितंच हाय. फकस्त मला पाणी दे. उन्हानं तापलेलं. हे गोठलेलं इतळाया पायजे."

पाण्यासाठी अडवलेला माणूस पाणी मागत होता. शेषेराव म्हणाला, "बघ, आता आपलंबी घेऊन राहिला!"

साखराबाईनं किल्लीकडं बघितलं, मग नरसिंगकडं. तो जागचा हलला नव्हता. "चोर असता तर किल्ली दिली नसती," ती म्हणाली. उन्हात तापलेली आपली तांब्याची घागर तिनं त्याला दिली. ती पुरेना. मग मागच्या बायांनीही आपापल्या घागरी पुढं केल्या, तोंडानं पुटपुटत. लोक बांधापर्यंत मागं सरले. नरसिंग ओतत राहिला. सुतळी सुटली, गोणपाट गळून पडलं, आणि मी असा काही ओरडलो की लिंबावरचे कावळे उडाले.

खाली मांडलेल्या घागरी रिकाम्या. त्या दिवशी सरकारी टँकर आलाच नाही, असं मागून कळलं.

बूच काढल्याबिगर गाडी हलवणार नाही, असं नरसिंगनं मालकाला ठणकावलं. पुढच्या खेपेला त्यानं केबिनमधून पाण्याचे डबे नेले आणि साखराबाईपुढं ठेवले. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, डबा परत त्याच्याकडं सरकवला.

"आदी तू पी," ती म्हणाली.

तो प्याला. मग ती.

आता मी नांदेडच्या बाहेर भंगाराच्या आवारात उभा आहे. काल एक गिऱ्हाईक आलं, बोटानं मला ठोकून म्हणालं, "ठणठणीत हाय. रंग मारला की चालतंय." बाबांनो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नका ठेवू. रस्त्यावर काढायच्या आधी माझी दोन्ही तोंडं उघडून बघा. आणि कुणी म्हणालं, उगा संशय घेता, तर त्याला सांगा, हो, घेतो.