नडीनचा कॉफीचा डॉलर

"बाई की गरुड?" नडीनने चांदीचा डॉलर अंगठ्यावर ठेवत विचारलं.

"बाई. आणि तो मळका तुकडा माझ्या कपापासून लांब उडव," वर्लिन म्हणाला.

बावीस वर्षं दर शनिवारी सकाळी नडीनच्या कॅफेत हेच चालत आलं होतं. बाईचा मुखडा आला तर वर्लिनची कॉफी फुकट, गरुड आला तर दुप्पट पैसे. आमच्या नेवाडात एकेकाळी हे डॉलर प्रत्येकाच्या खिशात खुळखुळत असत, त्यामुळे गल्ल्याशेजारी पडलेल्या त्या झिजक्या नाण्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. वर्लिन तर मुळीच नाही.

वर्लिन गावचा पंप मेकॅनिक. हात कायम ग्रीसने माखलेले. पण घरी नाण्यांचा अल्बम उघडायचा तर तीनदा साबण लावून, सुती हातमोजे चढवून. नाणं धरायचं ते फक्त कडेने. कार्सन सिटीच्या टांकसाळीतले, गरुडाखाली दोन 'सी' असलेले डॉलर तो जमवायचा. तेरा सालांचे तेरा. बारा मिळाले होते. १८८९च्या जागी रिकामं भोक होतं. त्याच्यापायी त्याने तीन राज्यांतली प्रदर्शनं पालथी घातली, पण त्याला पसंत पडेल असा तुकडा कधी परवडला नाही. मी गावचा न्हावी. त्याचे केस कापताना त्या भोकाबद्दल इतकं ऐकलंय की ते माझ्याही स्वप्नात यायचं.

त्या शनिवारी नडीनचा झेल चुकला. डॉलर घरंगळत वर्लिनच्या बुटापाशी गेला. त्याने तो उचलला, सवयीने उलटा केला आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग भिंग शर्टाला पुसून पुन्हा लावलं.

"काय रे, गरुडाने डोळा मारला की काय?" मी विचारलं.

"एवढा आवडला तर ने," नडीन म्हणाली. "त्याच्या बदल्यात एखादा चकचकीत दे मला. हा पार झिजलाय बिचारा."

वर्लिनच्या खिशात अदलाबदलीसाठी एकदोन डॉलर कायम असत. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. त्याने हळूच डॉलर बशीत ठेवला.

"नडीन, हा एकोणनव्वदचा कार्सन सिटी आहे. झिजला असला तरी याच्यात तुझा नवा फ्रीज येईल."

"हा?" तिने डॉलर उचलून ॲप्रनला पुसायला घेतला.

"पुसू नकोस! घासलं की किंमत उतरते!" वर्लिन असा ओरडला की पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याचं अंडं काट्यावरून पडलं.

नडीन हसून हसून खुर्चीत बसली. "बावीस वर्षं तुझ्या नाकासमोर उडतोय, मेल्या!"

"हाताळलेलं नाणं मी बघतच नाही," वर्लिन पुटपुटला.

"बाबांनी कॅफे उघडलं, तेव्हाच्या पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेला आहे. विकणार नाही मी. पण आठवडाभर ने. शनिवारी परत हवा."

संध्याकाळी त्याने मला घरी बोलावलं. भोक भरलं होतं. "तेरा," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, माझेही.

शनिवारी तो येतो की नाही, अशी मला धाकधूक होती. तो वेळेच्या आधीच आला. डॉलर शर्टाच्या खिशातून काढला, ना डबी ना हातमोजे.

"आणि भोक?" मी विचारलं.

"चिठ्ठी लावलीय. 'नडीनकडे कामावर गेला आहे.' आज मी उडवतो. बाई!"

त्याने डॉलर उडवला, मुठीत झेलला आणि मूठ उघडली. गरुड. दुप्पट पैसे टेबलावर ठेवताना तो लॉटरी लागल्यासारखा हसत होता.

डॉलरवर त्याच्या बोटांचं ग्रीस लागलं होतं. नडीनने सवयीने ॲप्रनचं टोक उचललं, वर्लिनकडे पाहिलं, आणि डॉलर तसाच गल्ल्याशेजारी ठेवून दिला.